स्टारं टाकले म्हणजे बोल्ड होत नाही हो सेक्रेटरी साहेब

आज सकाळी आमच्या फ्लॅट स्कीममधे टाकी धुतली आणि अर्ध्या बिल्डिंगकडे बादलीभर पाणी भरलेलं नव्हतं. मे महिन्यात, नागपुरात! कूलर पण कोरडे. काऊन? तर काल रात्री साहेबांनी ग्रुपवर टाकलेली नोटीस वाचायच्या लायकीचीच नव्हती.

कोणत्यातरी एआय ॲपकडून लिहून घेतली आणि जशीच्या तशी चिकटवली. सुरुवातीला तीन हॅश, मग 'समस्त आदरणीय रहिवासी बंधू-भगिनींनो', मग अक्षर बोल्ड म्हणजे ठळक करायला ओळीओळीत इकडून दोन स्टार (*) तिकडून दोन स्टार. त्या एआय ॲपमधे दोन स्टारचं बोल्ड होते, व्हॉट्सॲपवर एकाच स्टारचं होते, म्हणून सगळे स्टार तसेच उघडे लटकून राहिले. इथपर्यंत पण चाललं असतं. पण वेळ उठून दिसावी म्हणून 'सकाळी ७ च्या आत पाणी भरून ठेवावे' या ओळीला साहेबांनी दोन्ही बाजूनं ती नागमोडी रेघ (~) लावली, नक्षी म्हणून! व्हॉट्सॲपवर ती रेघ लावली की मजकूर खोडलेला दिसते. म्हणजे अख्ख्या नोटीसमधे कामाची ओळ एकच, आणि नेमकी तीच खोडलेली. तिसऱ्या माळ्यावरच्या काकू समजल्या की टाकी धुणं कॅन्सल झालं. घरात म्हातारी सासू, सकाळी नळ सोडला तर नुसती फुसफुस हवा.

मी लगेच लिहिलं होतं ग्रुपवर, साहेब ती ओळ खोडलेली दिसून राहिली, दुरुस्त करा. उत्तर काय, तर हात जोडलेला इमोजी. अरे, पाठवल्यावर १५ मिनिटं एडिट करता येते, २०२३ पासून सोय आहे, पण त्यासाठी आपलं आपण एकदा वाचावं लागते ना!

आणि हे एकट्या साहेबांचं नाही. २०१६ मधे व्हॉट्सॲपवर बोल्ड आलं तेव्हापासून लोकांच्या हाताला चैन नाही. पालकांच्या ग्रुपवर रोजचा होमवर्क पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत बोल्ड. सगळंच ठळक तर मग ठळक काय राहिलं? आणि देवनागरी बोल्ड केली की लहान स्क्रीनवर रफार, अनुस्वार, जोडाक्षर सगळं एकमेकांत घुसते, 'द्ध' आहे की 'द्व' आहे ओळखू येत नाही. वरून काही जण तिरपं पण करतात. अँड्रॉइडच्या नोटो देवनागरी फाँटला इटॅलिक नाहीच, फोन सरळ अक्षराला धक्का देऊन आडवं करते, ते पाहून मान दुखते.

ज्यांनी हे बनवलं त्यांनी तरी आपल्या भाषेचा विचार केला काय? सक्करदरा म्हणजे आमच्या नागपुरातला एक भाग, मला 'सक्करदऱ्याला'मधलं 'सक्करदऱ्या' तेवढं बोल्ड करायचं आणि 'ला' साधा ठेवायचा, तर जमत नाही, दोन्ही स्टार तसेच दिसतात. इंग्रजीत शब्द सुटा उभा राहते, आपल्याकडे प्रत्यय चिकटून येते, पण हे कोणाच्या डोक्यातच नाही. स्टारनंतर चुकून स्पेस पडली, झालं बंद. मधे एंटर मारलं, झालं बंद. आणि प्रत्येक ॲपचा कायदा वेगळा! टेलिग्रामवर बोल्डला दोन स्टार, डिस्कॉर्डवर एका स्टारचं इटॅलिक. माणसानं पाठ तरी किती करायचं? मेसेज कॉपी करून एसेमेस केला की स्टार पण सोबत निघाले वरातीला.

आता पुढच्या रविवारी आमसभा आहे आणि तिची नोटीस पण साहेबच टाकणार. मी त्यांच्या दारात जाऊन सांगून आलो, तारीख, वेळ, जागा, तीन ओळी, साध्या अक्षरात. एक पण स्टार नाही पाहिजे. ते म्हणे, अहो मग लोकांचं लक्ष कसं जाईल?