अनलिमिटेड फक्त नावाला

मोबाइलचे जुने अनलिमिटेड प्लॅन महाग झाले तरी ग्राहकाला फारसा फरक पडत नाही, असं एका लेखात म्हटलंय. शहरात नसेल पडत. जुलै २०२४ मध्येच एका मोठ्या कंपनीचा रोज दीड जीबीचा रिचार्ज २३९ वरून २९९ झाला. त्यात यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. एका फोनमागे ७८० रुपये जास्तीचे, अन् आमच्या घरी फोन तीन!

तसंही वावरात टॉवर सापडत नाही. ई-पीक पाहणीचा (सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपचा) फोटो पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं राहून काढायचा, अन् अपलोड करायला गावात पारापाशी यायचं. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर नोंदणी ॲपवर. मग फोन ही चैन कशी म्हणायची?

आमच्या बुढीला तर फक्त बोलायपुरताच फोन लागतो. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नसलेले, नुसते कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला कंपन्यांना सांगितलं. पण रिचार्जवाला पोरगा आधी डेटावालाच पॅक दाखवते. घरात म्हातारं माणूस असेल तर तो पॅक नाव घेऊन मागा बाप्पा, स्वतःहून कोणी सांगत नाही.