‘फरक डिफरन्शियल सांभाळतं’: ऑल-व्हील-ड्राइव्हच्या टायरांबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाडीला चारही टायर एकसारखेच हवेत ही निव्वळ टायर खपवायची युक्ती आहे, असं सांगणारा एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रिमवर बसला की टायर चालला, साइझ थोडी इकडेतिकडे झाली तरी फरक डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) सांभाळतं, बीएमडब्ल्यू स्वतःच पुढे-मागे वेगळे टायर देते, ट्रॅक्टरची चाकं तर उघड उघड लहानमोठी असतात, आणि तरीही शंका आलीच तर लहान टायरात पाच पौंड हवा जास्त भरा. पुढच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीत यातलं बरंचसं खपून जातं, म्हणून ते पटतंही. ऑल-व्हील-ड्राइव्हला मात्र एकेक मुद्दा तपासून घ्यावा लागतो.

‘रिमवर बसला की टायर चालला’

रिमचा आकडा फक्त आतल्या बाजूचा. इथे कामाचा असतो तो बाहेरचा घेर. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, मॉडेलचा टायर २१५/६० आर१७. रुंदी २१५ मिमी, तिच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिमी साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची), वरची-खालची मिळून २५८, त्यात १७ इंची रिमचे ४३२. व्यास झाला ६९० मिमी. त्याच रिमवर २१५/६५ विनातक्रार चढतो, पण त्याचा व्यास ७११, म्हणजे तीन टक्के जास्त. २२५/६५ चढवला तर ७२४, पाच टक्के जास्त.

साइझ तीच ठेवून दोनच नवे टायर टाकले तरी प्रश्न सुटत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. जुन्याची ३ मिमी उरली असेल तर व्यासात १० मिमीचा फरक पडतो आणि घेरात सुमारे ३१ मिमीचा. म्हणजे दर किलोमीटरला जुनं चाक नव्यापेक्षा जवळजवळ सात फेरे जास्त फिरतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे एकदा पार करेपर्यंत हा हिशेब ६४० फेऱ्यांच्या आसपास जातो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच साइझच्या टायरांचा प्रत्यक्ष व्यास काही मिलिमीटरनी वेगळा निघू शकतो. साइडवॉलवरचा आकडा नाममात्र असतो.

‘फरक डिफरन्शियल सांभाळतं’

कुठलं डिफरन्शियल? अॅक्सलवरचं डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकातला फरक सांभाळतं. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधला फरक कोण सांभाळणार, हे गाडीगणिक बदलतं.

आपल्याकडच्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) एसयूव्हींमध्ये मधे डिफरन्शियल नसतंच. पुढची चाकं थेट फिरतात आणि मागच्यांना ताकद जाते ती तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांच्या कपलिंगमधून. कंट्रोल युनिट चाकांच्या सेन्सरवरून पुढचा-मागचा वेग पाहतं आणि पुढची चाकं घसरताहेत असं वाटलं की प्लेटा दाबतं. मागे मोठे टायर असतील तर पुढची चाकं कायमच जास्त वेगाने फिरताना दिसतात. थोडा फरक युनिट गिळून घेतं, त्यापुढे प्लेटा अर्धवट दाबलेल्या अवस्थेत एकमेकींवर घासत राहतात. तेल तापतं, प्लेटा झिजतात. हे ध्यानात येतं ते पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू घेताना: मागून धक्के बसतात, टायर कुरकुरतात, हायवेवरून आल्यावर जळक्या तेलाचा वास येतो आणि कधी डॅशबोर्डवर ऑल-व्हील-ड्राइव्हचा दिवा लागतो. कपलिंग बदलायची वेळ आली की वाचवलेल्या दोन टायरांचे पैसे कुठल्या कुठे जातात.

काही गाड्यांत मधे खरंच डिफरन्शियल असतं. पण त्यातले छोटे गिअर वळणापुरते, थोडा वेळ फिरण्यासाठी केलेले असतात. सरळ रस्त्यावर तासन्‌तास फिरत राहिले तर त्यांच्या बैठका झिजतात.

जिम्नी, थार, फॉर्च्युनर यांची गोष्ट वेगळी. टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांवर चालवताना, पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्स्फर केसपासून (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सपासून) सुटलेला असतो, त्यामुळे पुढे-मागे फरक असला तरी यंत्रणेवर ताण येत नाही. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे. फोर-एच (चारही चाकं) लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर निघत नाही, ताण साठत जातो आणि लिव्हर टू-एचला यायला तयार होत नाही.

एक तोड सुचवली जाते: एक नवा टायर पुढे टाका, एक मागे, म्हणजे सरासरी सारखी. कपलिंगपुरतं ते बरोबर आहे. पण मग दोन्ही अॅक्सलची डिफरन्शियल अखंड फिरत राहतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की दोन बाजूंची पकड वेगळी पडते. असं करू नका.

‘बीएमडब्ल्यू वेगळे टायर देते’

देते. एक्स५च्या २० इंची चाकांवर पुढे २७५/४० आणि मागे ३१५/३५ अशी जोडी येत असे. आता हिशेब करा: पुढचा व्यास ७२८ मिमी, मागचा ७२८.५. रुंदी ४० मिमीने वेगळी, व्यास अर्ध्या मिलिमीटरने. हे उदाहरण फॉरवर्डच्याच विरुद्ध जातं.

‘ट्रॅक्टरची चाकं लहानमोठी असतात’

हा मुद्दा वरवर सगळ्यात बिनतोड वाटतो. फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलचे गिअरच लहान चाकाच्या हिशेबाने ठरवलेले असतात. पुढचं चाक फेरे जास्त घेतं, पण अंतर जवळपास मागच्याएवढंच कापतं. मुद्दाम साधारण १ ते ५ टक्के पुढे राहील असं ठेवलेलं असतं, म्हणजे पुढची चाकं शेतात ओढून नेतात. मागचे टायर वेगळ्या साइझचे टाकून ते प्रमाण बिघडवलं की पुढचे टायर बघता बघता गोटा होतात. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढून ठेवा असं सांगतात ते यासाठीच. ट्रॅक्टरला पुढे-मागे टायर जोडीनेच निवडावे लागतात, हे टायरवाल्याला विचारलं तरी कळेल.

‘हवा जास्त भरा’

रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्याचा घेर हवेने फारसा बदलत नाही. पाच पौंडांनी एखाद्या टक्क्याचा थोडासा अंशच मिळेल आणि नक्षी मात्र मधोमध झिजेल.

मग करायचं काय? आधी मोजा. हवा सारखी भरून, गाडी जॅकवर उचलून, नक्षीच्या मधोमध टेप गुंडाळून चारही टायरांचा घेर घ्या. मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, कारण ती कंपनीनुसार बदलते. सुबारूची मर्यादा घेरात पाव इंच, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिमी; काही कंपन्या २ ते ३ मिमी चालवून घेतात. जुने टायर ६.५ ते ७ मिमीवर असतील तर दोनच बदलून बहुधा भागतं, पण त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे घ्या आणि दोन्ही एकाच अॅक्सलवर टाका. ४ मिमीवर आले असतील तर चारही बदला.

एकच टायर फाटला तर डिकीतली कोरी स्टेपनीसुद्धा कायमची लावायला उपयोगी नाही, कारण ती ८ मिमीवर आणि बाकीचे, समजा, ५ वर. म्हणून पूर्ण साइझची स्टेपनी पहिल्यापासून रोटेशनमध्ये धरा, दर ८ ते १० हजार किलोमीटरला पाचही टायर फिरवा. स्टेपनी लहान साइझची असेल तर ती कुठल्या अॅक्सलवर लावायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तिच्यावर ८०च्या वर जाऊ नका, लॉक किंवा स्नो मोड लावू नका आणि पंक्चर पुढच्या गावातच काढून घ्या.