“एका तासाचं काम, आठवडा लावला” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. चढासाठी सायकलचे गिअर हलके करून घेताना तुम्हाला आठवडाभर ताटकळावं लागलं, त्या दिवसांत गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन तारे दिलेत, त्यावर वाद घालायचा नाही. पण “दाते बदलायचं एका तासाचं काम, यांनी आठवडा लावला” हे वाक्य फार लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं आणि आमचं घर याच कामावर चालतं. म्हणून नेमकं काय काय करावं लागलं ते लिहितो.

तुमची घडीची सायकल २० इंची चाकाची. पुढे ५२ दात्यांची एकच चकती, मागे १४ ते २८ दात्यांच्या सात. पहिल्या गिअरला, म्हणजे मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर, पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण २.८४ मीटर पुढे जायची. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी १० किलोमीटर. उभ्या चढावर हा वेग टिकत नाही, आणि वेग पडला की पाय जड होऊन सगळा भार गुडघ्यांवर येतो. आता पुढे ४४ आणि मागे मोठी चकती ३४ दात्यांची आहे. एका फेऱ्यात १.९८ मीटर, तेवढ्याच ६० फेऱ्यांना ताशी ७ किलोमीटर. पायावरचा जोर ३० टक्क्यांनी कमी झाला. चढ आता न उतरता पार होतो हे तुम्हीच लिहिलंय, त्याबद्दल आभार. फक्त ते अगदी शेवटच्या ओळीत आलंय.

आता त्या तासाबद्दल. नुसती फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, काढून तशीच दुसरी लावायची असती तर तास पुरेसा होता. पण मागे २८ च्या जागी ३४ आणि पुढे ५२ च्या जागी ४४ बसवायची म्हणून पाच गोष्टी कराव्या लागल्या.

पहिली गोष्ट, जुनी फ्रीव्हील सुटणं. ती हबवर आट्यांनी बसते आणि दर पायडलला आणखी आवळत जाते. तुमची बरीच वर्षं जागची हललेली नव्हती. अशी फ्रीव्हील जबरदस्तीने काढायला गेलं की पान्याच्या खाचा झिजतात, आणि खाचा गेल्या की ती फोडूनच काढावी लागते. म्हणून गंज सोडवणारं तेल सोडून चाक रात्रभर ठेवलं, मग पाना शिकंज्यात धरून चाकच फिरवलं. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावलंय, पुढच्या वेळी एवढा त्रास होणार नाही.

दुसरी, डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. जुना २८ पर्यंतचाच होता. ३४ वर त्याची वरची पुली चकतीला घासते, मागचा स्क्रू कितीही आवळला तरी जागा होत नाही. लांब पिंजऱ्याचा (पुल्या धरणारी पट्टी लांब असलेला) डिरेलर लगेच मिळत होता, पण छोट्या चाकाच्या सायकलला तो जमिनीच्या फार जवळ लोंबतो आणि पहिल्याच दगडाला वाकतो. पुढे एकच चकती असल्यामुळे आपल्याला फक्त मागच्या ३४ वजा १४, म्हणजे २० दात्यांचा फरक सांभाळायचा होता. त्याला मध्यम पिंजरा पुरतो. तोच मागवला, आणि पुली ते मोठी चकती यांत ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवून बसवला.

तिसरी गोष्ट पुढची चकती. खरे दिवस इथेच गेले. तुमची ५२ ची चकती क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, रिव्हेटने ठोकलेली होती, बोल्टची नव्हती. त्यामुळे ती एकटी सुटत नाही, दांडे-चकतीचा अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. नवा क्रँकसेट जुन्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या बेअरिंगच्या) एक्सलवर चढवून पाहिला तेव्हा चकती जास्त बाहेर येत होती. तसाच ठेवला असता तर चौथ्या-पाचव्या गिअरला काही कळलं नसतं. पण पहिल्या गिअरला, म्हणजे नेमकी चढावर, चेन तिरकी ओढली गेली असती, खरखर झाली असती आणि पायडल जरा उलटं फिरलं की चेन खाली पडली असती. म्हणून आखूड एक्सलची बीबी मागवली. ती यायची वाट पाहण्यात निम्म्याहून जास्त दिवस गेले. चकती आता मधल्या चौथ्या चकतीच्या रेषेपेक्षा किंचित आत आहे. तुम्हाला चढ चढायचाय म्हणून ती मुद्दाम तशी ठेवली.

चौथी गोष्ट चेन, थोडक्यात सांगतो. पुढचे ८ दाते कमी झाल्यामुळे ४ कड्या वाचतात, मागचे ६ वाढल्यामुळे ३ लागतात. म्हणजे लांबी जवळपास तीच. पण जुनी चेन ताणलेली होती, आणि ताणलेली चेन नव्या दात्यांवरून उडते. म्हणून नवी टाकली. ती पुढच्या चकतीवरून मागच्या मोठ्या चकतीवर गुंडाळून, वर कड्यांची एक जोडी जास्त धरून कापली. आखूड पडली तर पहिल्या गिअरला टाकताच हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा, वाकू शकतो.

पाचवी गोष्ट म्हणजे गिअरची केबल. घडीच्या सायकलला ती बिजागरीवरून जाते. आउटर, म्हणजे केबलवरचं बाहेरचं आवरण, थोडा जरी आखूड राहिला तर घडी केल्यावर केबल खेचली जाते आणि उघडल्यावर गिअर जुळत नाहीत. त्यामुळे घडी घालून, उघडून, चालवून, परत घडी घालून तपासावं लागतं. एवढं सगळं घाईत उरकलं असतं तर हाच अभिप्राय एक तारा घेऊन आला असता.

सपाट रस्त्यावर पाय गरगर फिरतात, हेही तुम्ही लिहिलंय. ते खरं आहे. सर्वांत जड गिअरला मिनिटाला ८० फेऱ्यांत पूर्वी ताशी २७ किलोमीटर मिळायचे, आता २३. हे काम सुरू करण्याआधी सांगितलं होतं आणि पावतीमागे आकडेही लिहून दिले होते. ११ दात्यांची छोटी चकती हवी तर सहसा कॅसेट हब (चकत्या आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसतात असा हब) लागतो, म्हणजे मागचं चाक नव्याने विणायचं. तेव्हा तुम्ही नको म्हणालात. आजही करायचं असेल तर होईल.

तिसऱ्या-चौथ्या गिअरला चेन उडते म्हणता, त्याचं कारण जवळजवळ नक्की केबलच आहे. नवी केबल पहिल्या काही दिवसांत बसते आणि सैल पडते. त्यासाठीच पुन्हा दाखवायला या म्हटलं होतं, पण तुमचं येणं झालं नाही. तोवर घरी करता येण्यासारखं एवढंच: डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल नट मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा, चालवून बघा, लागला तर आणखी पाव. दुसरे स्क्रू कृपया हलवू नका. आणि चढ लागायच्या आधी गिअर टाका. पायावर पूर्ण जोर असताना टाकलात तर कितीही चांगली चेन कडकड करणारच.

यापुढे सुटा भाग मागवावा लागला तर तसं आधी कळवण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही करतोय. तुमच्या सायकलची जुळणी बाकी आहे, त्याचे पैसे लागणार नाहीत. येताना सायकल घडी न करता, चालवत आणा आणि चेनला तेल लावू नका. कोणत्या दात्यावर उडते ते तेलात दिसत नाही.