पाऊस-सोयाबीनचा सहसंबंध शून्य, म्हणून संबंधच नाही?

मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजमध्ये दोन दावे आहेत. दोन्ही चुकीचे आहेत, आणि पहिला तर धोकादायक.

दावा १: "वार्षिक पाऊस आणि सोयाबीनचा उतारा यांचा सहसंबंध गुणांक शून्याजवळ येतो, म्हणजे पावसाचा उताऱ्याशी संबंध नाही."

सहसंबंध गुणांक म्हणजे दोन गोष्टी सोबत किती बदलतात ते सांगणारा −१ ते १ मधला आकडा. पण तो फक्त सरळ रेषेतलं नातं मोजतो. समजण्यापुरती पाच वर्षं धरू: पाऊस ४००, ५५०, ७००, ८५०, १००० मिमी, एकरी उतारा ३, ७, ९, ७, ३ क्विंटल. पावसाची सरासरी ७००, उताऱ्याची ५.८. दर वर्षाचं सरासरीपासूनचं अंतर काढून दोन्ही अंतरांचा गुणाकार करा: ८४०, −१८०, ०, १८०, −८४०. बेरीज शून्य, म्हणून गुणांकही शून्य. आता पहिल्या तीनच वर्षांचा काढा: ०.९८. शेवटच्या तीन वर्षांचा: −०.९८. नातं घट्टच आहे, पण आधी चढतं आणि मग उतरतं. दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात.

शिवारातही तेच दिसतं. शेंगा भरताना खंड पडला की दाणा बारीक राहतो. काढणीला आलेल्या पिकावर झड लागली की शेंगेतच कोंब फुटतात. २०१५ चा दुष्काळ काय आणि सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी काय, नुकसान दोन्हींत. शिवाय वर्षाच्या बेरजेत खंड दिसतच नाही. म्हणून आधी आडव्या अक्षावर पाऊस आणि उभ्या अक्षावर उतारा घेऊन ठिपके मांडा. कमान दिसली तर हा गुणांक तिथे लावूच नका.

दावा २: "बोअर आणि टँकर यांच्या संख्येचा गुणांक ०.६, म्हणजे ६० टक्के टंचाई बोअरमुळे."

गुणांक म्हणजे टक्के नव्हे. त्याचा वर्ग ०.३६, टँकरच्या चढउतारातला ३६ टक्के भाग सरळ रेषेने जुळतो, एवढंच. 'मुळे' त्यात कुठेच नाही. पाऊस हुकला की विहिरी आटतात. मग लोक बोअर पाडतात आणि प्रशासन टँकर लावतं. दोन्ही आकडे एकाच कारणाने वाढतात.

उपशाने पाणी खोल जातं हे खरंच आहे. पण ते दाखवायचं तर एकाच वर्षी, सारख्या पावसाची आणि सारख्या खडकाची गावं घ्या, काही जास्त बोअरची, काही कमी. मान्सूननंतर आणि मे महिन्यात निरीक्षण विहिरींची पातळी किती घटली ते ताडून पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा नोंदी ठेवते. उसालाही भरपूर पाणी लागतं, म्हणून गावागणिक उसाचं क्षेत्रही सोबत लिहा.

अनेक वर्षांचे आकडे घेतले तर टोकाच्या वर्षाकडे लक्ष ठेवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. असा एकच ठिपका अख्खा गुणांक आपल्याकडे ओढू शकतो. ते वर्ष धरून एक आणि वगळून एक, असे दोन्ही गुणांक शेजारी लिहा.