अजून धारपच वाचतोस?

नारायण धारपांची भयकथा हातात दिसली की कुणीतरी नाक मुरडतंच: ‘जरा गंभीर काही वाच!’ अहो, बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मराठी माणसाला वाचनाची चटक लागली ती अशा पुस्तकांनी. कुठली माहिती कधीपर्यंत दडवायची, प्रकरण नेमकं कुठे तोडायचं, हे साधणं सोपं असतं होय?

लाजेकाजेस्तव जाडजूड कादंबरी आणायची, विसाव्या पानावर खूण अडकवायची, मुदत संपली की वाचनालयात दंड भरायचा. अभिरुची राहिली बाजूला, वाचनच बंद पडतं! दोन पुस्तकं मिळत असतील तर एक आवडीचं घ्या, दुसरं हवं तर भारदस्त. ५० पानांत पकड घेतली नाही, तर बिनदिक्कत परत करा. आणि धारपांना वर्तमानपत्राचं कव्हर घालणं आधी थांबवा.