आठ वर्षं नोकरी म्हणजे आठ वर्षं अनुभव नव्हे

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच संदेश तीन जणांनी टाकला. मजकूर असा: "ऑस्ट्रेलियाचा पीआर! कोणतीही पदवी आणि 8 वर्षं नोकरी असेल तर 30 गुण हातात. 65 झाले की व्हिसा पक्का. वय 45 पर्यंत चिंता नाही. अनुभवाचं पत्र नसेल तर आम्ही बनवून देऊ." खाली एक मोबाइल नंबर. पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. त्यासाठी वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांना ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गुण देतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः या वाटेने गेले आहे. मूल्यांकन मिळालं, पुढे घरच्या कारणाने अर्ज थांबवला. त्यामुळे हा संदेश वाचून गप्प बसवत नाही.

"कोणतीही पदवी आणि 8 वर्षं." पदवीला 15 आणि परदेशातल्या आठ वर्षांच्या कामाला 15 गुण, हे तक्त्यात आहेच. पण त्याआधी ज्या व्यवसायासाठी अर्ज करायचा, त्या व्यवसायाच्या संस्थेकडून कौशल्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. इंजिनिअर असाल तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीतले असाल तर ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी. बी.कॉम. झालेला माणूस दहा वर्षं कारखान्यात ड्रॉइंग काढत असला, तरी त्या पदवीवर त्याला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणून मान्यता मिळत नाही. आणि आयटीवाल्यांनो, तुमची पदवी आणि काम दोन्ही आयटीचंच असलं तरी साधारणपणे सुरुवातीची दोन वर्षं "पात्र होण्यात" गेली असं धरून वजा होतात. विषय वेगळा असेल तर आणखी जास्त. म्हणजे आठाची सहा झाली, आणि सहा वर्षांना 15 नाही, 10 गुण. शिवाय काम मागच्या दहा वर्षांतलं, पगारी, आठवड्याला किमान 20 तासांचं आणि त्याच व्यवसायातलं किंवा त्याच्या अगदी जवळचं हवं.

आता पत्राबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लोक इथेच अडकतात.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होते. पत्र मागितलं तर एचआरने चार ओळी दिल्या: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद "असिस्टंट मॅनेजर", आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी दिवसभर काय करत होते, याचा त्यात एक शब्द नाही. तिकडे पदाच्या नावाला फारशी किंमत नसते, काम विचारतात. आमच्याकडे पाच वर्षं झाली की पगाराऐवजी पद वाढवतात आणि सगळेच मॅनेजर होतात! तीन चकरा मारल्यावर आमच्या प्लांट हेडनी लेटरहेडवर दुसरं पत्र दिलं. कंडेन्सरचं साइझिंग, पंपांची निवड, ट्रायल बॅचची देखरेख, सगळं एकेका ओळीत, खाली सही आणि स्वतःचा फोन नंबर. त्याला जोड म्हणून फॉर्म 16, पगाराच्या स्लिपा, पीएफचं स्टेटमेंट.

इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मान्य करण्याचा एक करार आहे, वॉशिंग्टन करार. भारत 2014 पासून त्यात आहे, पण त्याचा फायदा एनबीएने (आपल्याकडे अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ) त्या दर्जाची मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांनाच. माझं कॉलेज त्यात नव्हतं, म्हणून मला आपल्याच कामाचे तीन प्रसंग लिहून द्यावे लागले. पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे "आम्ही डिझाइन केलं", "आम्ही तपासलं" असं लिहिलं होतं. आपल्याला सवयच तशी, "मी केलं" म्हटलं की फुशारकी वाटते. पण त्यांना नेमकं तेच हवं असतं: टीमने काय केलं ते नको, तुम्ही काय केलं ते सांगा. जुन्या डायऱ्या काढून मी एकेक "आम्ही" खोडला आणि जिथे खरंच माझं काम होतं तिथेच "मी" लिहिलं. काही परिच्छेद त्यात गळून पडले, कारण तिथे मी फक्त हजर होते.

म्हणूनच "पत्र आम्ही बनवून देऊ" या वाक्याचा मला राग येतो. खोटा कागद सापडला आणि त्या कारणाने अर्ज नाकारला, तर ऑस्ट्रेलियाचा नियम तीन वर्षं दार बंद करतो. कॅनडात पाच वर्षं. पत्र बनवणारा मोकळा राहतो, नाव तुमचं लागतं.

"65 झाले की पक्का." नाही. 65 ही रांगेत उभं राहायची किमान अट. व्हिसाचा अर्ज करायचं बोलावणं वरच्या गुणांपासून येतं. एखाद्या राज्याने नाव सुचवलं तर व्हिसाच्या प्रकारानुसार 5 किंवा 15 गुण वाढतात, पण राज्यांच्या अटी पुन्हा वेगळ्या.

"वय 45 पर्यंत चिंता नाही." तोवर बोलावणं येऊ शकतं, एवढंच. 25 ते 32 वयाला 30 गुण, 33 ते 39 ला 25, आणि चाळिशी लागली की 15. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा, आठ वर्षं आयटीत, मला म्हणाला, "ताई, दोन वर्षं थांबतो, अनुभवाचे गुण वाढतील." वाढतील ना, पाच! पण येत्या नोव्हेंबरात तो 33 चा होतोय, तेव्हा वयाचे पाच जातील. बेरीज तिथल्या तिथेच, आणि वय बोलावणं आलं त्या दिवशीचं धरतात, रांगेत नाव घातलं त्या दिवशीचं नाही. हे कळल्यावर त्याने त्याच रात्री इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेतली. त्यात उत्तम आलं तर 20 गुण मिळतात, आणि ते वाढवणं त्याच्या हातात आहे.

रविवारी सकाळी तो फॉर्म 16 आणि कंपनीचं पत्र घेऊन माझ्याकडे येणार आहे. ग्रुपवरच्या ज्यांनी त्या नंबरवर फोन केलाय, त्यांनी पैसे भरण्याआधी तेव्हाच या. असेल ते पत्र आणा, चार ओळींचं असलं तरी चालेल.