जेट बोटीवरच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या तुमच्या बोटीची फाइल काढून बसलो. उत्तराला चार दिवस लागले, कारण मिस्त्रीशी बोलल्याशिवाय आणि तुमचा काढून ठेवलेला जुना इम्पेलर (जेटच्या आत पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र) पुन्हा हातात घेऊन पाहिल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं.

तुमच्या तक्रारी चार. ४० एचपी सांगून त्यापेक्षा कितीतरी कमी ताकदीची मोटर गळ्यात मारली. नंतर अपग्रेडचे पैसे घेतले आणि बोट आणखीच मंद झाली. जलकुंभीत दर दहा मिनिटांनी अडकते. आणि दोन महिन्यांत इम्पेलर गेला, तेव्हा वॉरंटी नाकारली. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘नागपुरात बसून नदीवरच्या माणसाला फसवतात.’ हे वाक्य जिव्हारी लागलं.

फसवलं नाही, भाऊ. पण चुकलो आहोत, आणि कुठे ते इथेच सगळ्यांसमोर सांगतो.

आधी ताकदीचं. इंजिन ४० एचपीचंच आहे. पण त्याच इंजिनाला खालच्या पंख्याऐवजी (प्रोपेलरऐवजी) जेटचा पाय, म्हणजे पाणी ओढून मागे फेकणारा पंप, बसवला की साधारण ३० टक्के ताकद त्या पंपातच वाया जाते आणि हाती २८ च्या आसपास उरते. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली) जेट कुठल्याही कंपनीची असो, हे गणित फारसं बदलत नाही. आम्ही कोटेशनवर नुसतं ‘४० एचपी’ छापलं. तोंडी सांगितलं होतं असं काउंटरवरचा मुलगा म्हणतो. पण कागदावर नाही ते सांगितलंच नाही, असं मी धरतो. चूक आमची. या आठवड्यापासून प्रत्येक जेटच्या कोटेशनवर दोन्ही आकडे छापले जातील.

मग जेट दिलीच का? तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. गोसीखुर्द धरणाखालचं मे महिन्यातलं वैनगंगेचं पात्र, मधोमध वाळूची बेटं, घोटाभर पाणी आणि तुमचा डोंगा दोघं जण ओढत नेताहेत. पंखा असता तर त्या पाण्यात पहिल्या दगडावर फुटला असता. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोट तयार केली ती नेमक्या अशाच, उथळ आणि दगडगोट्यांच्या नद्यांसाठी. बोटीच्या तळाखाली काही लोंबत नसल्यामुळे एकदा वेग धरला की ती वीतभर पाण्यातूनही निघून जाते. त्या फोटोतल्या पाण्यासाठी जेट बरोबरच होती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पण ते पाणी तुमच्या वर्षाचे दोन-तीन महिने. बाकी सगळा काळ तुम्ही धरणाच्या वर, आंभोऱ्याकडच्या फुगवट्यात जाळी टाकता, आणि हे आम्ही विचारलंच नाही. ट्रायल दिली ती रामटेकच्या खिंडसीवर. खोल, मोकळं पाणी, बोटीत दोन माणसं आणि अर्धी टाकी पेट्रोल. तिथे ती पाखरासारखी पळाली. आंभोऱ्याला, जलकुंभीत आणि मासळीच्या वजनासकट ट्रायल घेतली असती तर तुम्हीही दोनदा विचार केला असता आणि आम्हीही. सगळ्या घोळाचं मूळ मला इथे दिसतं.

जलकुंभीबद्दल एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. म्हणजे आमच्या शहराचं सांडपाणी तुमच्या जाळ्यापर्यंत पोचतं आणि त्याच खतावर जलकुंभी माजते. नागपूरकर म्हणून याची मला लाज वाटते. मात्र जेटला तिथे अडचण येणारच. तळाच्या जाळीतून ती जोरात पाणी ओढते, मग पानं-मुळं जाळीला चिकटतात, पाणी कमी आणि हवा जास्त आत जाते. इंजिन बोंबलतं, बोट जागची हलत नाही. अशा वेळी थ्रॉटल वाढवू नका. इंजिन पूर्ण बंद करा, क्षणभर थांबा, पुष्कळदा ओढ थांबताच पाला आपोआप सुटतो. नाही सुटला तर आकड्याने काढा. इंजिन चालू असताना त्या जाळीजवळ हात कधीही नेऊ नका. जेटला खरं न्यूट्रल नसतं. मागच्या तोंडावर झडप येते एवढंच, आत इम्पेलर फिरतच असतो. घाटाला लागताना बोट तुमच्या अंदाजापेक्षा पुढे गेली त्याचंही कारण हेच, शिवाय थ्रॉटल सोडला की जेटचं सुकाणू जवळजवळ मरतं.

आता अपग्रेड. इथे थोडं तुमचं, बरंचसं आमचं.

तुमच्या सांगण्यावरून आम्ही खाली १८ मिमी प्लायची दीड शीट टाकली, दुसरी बॅटरी दिली, पेट्रोलची जादा टाकी आणि मागच्या फळीला टेकून बर्फाची मोठी पेटी बसवली. प्लायची एक शीट कोरडी असताना तीसेक किलो भरते, बॅटरी पंचवीस-तीस, भरलेली टाकी तेवढीच आणि बर्फ-मासळीसकट पेटी शंभराच्या घरात. १४ फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीत एवढं वजन, त्यातलं बहुतेक मागे. नाक वर, बूड खाली. जेट बोट पाण्यावर चढून पळाली तरच कामाची. पाणी कापत रखडली की पेट्रोल पिते आणि जागेवर राहते. ‘अपग्रेड करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘हे नको’ म्हणणं दुकानदाराचं काम असतं. ते मी केलं नाही.

दुसरी चूक पूर्णपणे आमची आणि ती तुम्हाला माहीतही नाही. फिश फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर आमच्या मुलाने तळाला बरोबर जेटच्या जाळीच्या रेषेत पुढे ठोकला. बोट पळताना त्या सेन्सरमागे बुडबुड्यांची रेघ निघते आणि ती थेट जेटच्या तोंडात जाते. पंख्याच्या बोटीला ही जागा चालून जाते, जेटला नाही. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मिस्त्रीने तीनदा पाहिला आणि म्हणाला, ‘मालक, आवाज ऐका, हे हवा खाऊन राह्यलं.’ तुम्ही अपग्रेडनंतर लगेच तक्रार केली होती. तेव्हाच बोट उलटी करून पाहायला हवी होती, आम्ही तुम्हालाच ‘वजन कमी करा’ सांगून परत पाठवलं. माफ करा.

इम्पेलरच्या बाबतीत मात्र माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. तो आत्ता टेबलावर समोर आहे. तिन्ही पात्यांच्या पुढच्या धारा बोथट होऊन गोल झाल्यात, एका पात्यात करंगळीचं नख बसेल एवढी खाच आहे आणि लायनरवर (इम्पेलरभोवतीच्या अस्तरावर) आतून गोल गोल ओरखडे आहेत. नवा असताना इम्पेलर आणि लायनरमध्ये साधारण ०.८ मिमी फट असते. तुमच्यात फीलर गेजने मोजली तर २ मिमीच्या वर भरली. हे वाळू आणि गोट्यांचं काम आहे, धातूचा दोष नाही. काठाच्या गुडघाभर पाण्यात उभ्या बोटीला एकदम थ्रॉटल दिला की जेट तळाची वाळू उपसून गिळते. बांबूने ढकलत कमरेएवढ्या पाण्यात न्या आणि मगच इंजिन वाढवा. म्हणून आयातदाराने वॉरंटी नाकारली तेव्हा मला त्याच्याशी भांडता आलं नाही. पण आम्ही ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर एका ओळीत कळवलं, तेही तीन आठवडे ताटकळत ठेवून. तुमच्या जागी मीही चिडलो असतो.

काठावरून बोट कशी काढायची, दर फेरीनंतर बेअरिंगला नळीतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस कसं भरायचं, हे सांगणारं मराठी कार्ड आम्ही दिलं नव्हतं. इंग्रजी पुस्तिका दिली होती. आता मराठी कार्ड छापून घेतलंय, तुमचं बाजूला ठेवलंय.

तर भाऊ, बोट घेऊन या, किंवा फोन करा, आम्ही ट्रेलर पाठवतो. सेन्सर एका बाजूला हलवणं, जुनी भोकं वेल्डिंगने बुजवणं आणि मोटरची उंची पुन्हा लावणं, यातल्या कशाचेच पैसे घेणार नाही. बर्फाची पेटी आणि टाकी पुढे सरकवू, प्लाय काढून हलका ॲल्युमिनियमचा पत्रा टाकू, पत्र्याचा फक्त खरेदीभाव द्या. नवा स्टीलचा इम्पेलर तुम्ही विकत घेतलाय, त्याच्यासोबत लायनर बदलला नाही तर फट तशीच राहील. त्या लायनरची निम्मी किंमत माझी.

त्यानंतर ट्रायल आंभोऱ्याला, तुमच्या पाण्यात, तुमच्या वजनासकट. आणि तरीही वाटलं की वर्षातले नऊ महिने जेटचा त्रासच जास्त आहे, तर त्याच इंजिनाला पंख्याचा पाय बसतो. तो बसवून देतो, जेटचा पाय तुमच्याकडेच ठेवा, मे महिन्यात अर्ध्या दिवसात बदलून मिळेल.

येत्या शनिवारी आणि रविवारी मिस्त्रीला दुसरं काम दिलेलं नाही.